काट्याचं ऑपरेशन

अनिता खोटं लिहीत नाही, हे भुशीकडच्या सगळ्या अंगणवाड्यांना ठाऊक होतं. पोराचं वजन नऊ किलो भरलं तर वहीत नऊच. सुपरवायझर बाई म्हणायच्या, "अहो, दहा लिहा की, वरून विचारणा होते." अनिता म्हणायची, "मग त्याला खायला द्या, आपोआप दहा होईल." ह्या फटकळपणापायी तिची दोनदा बदली झाली आणि दोन्ही वेळा पोरांच्या आयांनी ऑफिसात ठाण मांडून ती रद्द करून आणली. अशी ही बाई. आणि अशा बाईला एका बुधवारी सकाळी पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात समोर बसवून डॉक्टर शैलाबाईंनी विचारलं, "अनिताताई, तुम्ही आमच्यापासून काय लपवलंत?"

अनिताला वाटलं, बाई दुसऱ्याच कुणाशी बोलतायत. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं.

नऊ महिन्यांपूर्वी ह्याच हॉस्पिटलात तिने आपली एक किडनी भावाला दिली होती. माऊली तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा. शिरगावला साईबाबांच्या देवळाकडे येणाऱ्या गाड्यांसाठी त्याचं पार्किंग आणि शेजारी चहा-नाश्त्याचं हॉटेल. धंदा जोरात होता आणि पठ्ठ्याने ब्लडप्रेशरच्या गोळ्या कधी धड घेतल्या नाहीत. पस्तिशीच्या आत दोन्ही किडन्या गेल्या. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर. बायकोचा, कोमलचा, रक्तगट जुळेना, आई अंबूबाईला साखर. राहिली अनिता. तिला कुणी 'दे' म्हणालं नाही. ती आपण होऊन म्हणाली, "माझी घ्या." नवऱ्याने, सोपानने, देहूरोडच्या डेपोतून अर्धा दिवस रजा काढून संमतीवर सही केली. घरी येताना एवढंच म्हणाला, "भाऊ तुझा आहे, मी कोण अडवणार?" पुढे शिरगावच्या फाट्यावर तिचा आणि माऊलीचा मोठा फ्लेक्सही लागला. तिला तो बघून कानकोंडं व्हायचं, पण खोटं कशाला, थोडं बरंही वाटायचं.

"मी काय लपवलं बाई?" ती म्हणाली.

शैलाबाई चिडलेल्या नव्हत्या, दमलेल्या दिसत होत्या. "माऊलीला तुमची जी किडनी बसवली, तिच्यात तीन गाठी आल्यात. एकीचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे. मेलॅनोमा म्हणतात, कातडीवरच्या काळ्या डागापासून सुरू होतो. आणि ह्या पेशी पुरुषाच्या नाहीत, बाईच्या आहेत. म्हणजे हा कॅन्सर माऊलीच्या अंगात तयार झालेला नाही. किडनीबरोबर आलाय."

"किडनीबरोबर म्हणजे... माझ्यातून?"

"हो."

 समोरचा कागद दिसत होता, त्यावरची अक्षरं दिसत होती, पण वाचता येईना.

"पण तुम्ही तर माझं सगळं तपासलं होतं. चार दिवस तपासत होता."

"तपासलं होतं. तेव्हा दिसण्याएवढं काही नव्हतं. दोन-चार पेशी वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. तुमच्या अंगाने त्यांना दाबून ठेवलं होतं. माऊलीला मात्र किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. तिथे त्यांना रान मोकळं मिळालं." शैलाबाई पुढे म्हणाल्या, "म्हणून तर विचारलं होतं. पूर्वी कधी कॅन्सर, गाठ, काळा डाग काढलाय का? तुम्ही नाही लिहिलंत."

"नाहीच काढला. एकच ऑपरेशन झालंय, टाचेचं. काटा रुतून सडला होता. तेही सांगितलं होतं मी."

"चप्पल काढा बघू."

अनिताने डावा पाय पुढे केला. शैलाबाई खुर्चीवरून उठून खाली बसल्या आणि त्यांनी टाच हातात घेऊन उजेडाकडे वळवली. टाचेवर पेरूच्या फोडीएवढा कातडीचा तुकडा वेगळ्याच रंगाचा होता.

"ही कातडी इथली नाही. मांडीची काढून लावलेली आहे. काट्यासाठी कोणी एवढं करतं का हो?" मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आमचंही चुकलं. जुनी जखम म्हणून लिहून मोकळे झालो. नीट बघायला हवं होतं."

काट्याची गोष्ट अनिताच्या घरात पाठच होती सगळ्यांना. ती एकोणीस वर्षांची होती. टाचेवर काळं पडलं, ते वाढायला लागलं, भातलावणीच्या चिखलात झोंबायला लागलं. वडील, मारुतीभाऊ, तिला पुण्याला घेऊन गेले. ती शुद्धीवर आली तेव्हा टाचेला आणि मांडीला पट्टी, आणि वडील उशाशी. "बाभळीचा काटा गं पोरी, आत सडला व्हता," म्हणाले. वर्षभर ती लंगडली. दोन वर्षांनी सोपानच्या घरचे बघायला आले, त्यांनी विचारलं पायाला काय झालं, तेव्हाही बाभळीचा काटा. अनिता स्वतः अंगणवाडीतल्या पोरांना दटावायची, "चपला घाला रे, नाहीतर माझ्यासारखं काट्याचं ऑपरेशन व्हायचं." पोरं घाबरून चपला घालायची.

"आता माऊलीचं काय?" तिने विचारलं.

"एक वाट आहे," शैलाबाई म्हणाल्या. "त्या गोळ्या बंद करायच्या, किडनी काढून टाकायची. ह्या पेशी त्याच्या शरीराला परक्या आहेत. गोळ्या थांबल्या की त्याचं शरीर त्यांना हाकलायला लागेल, आम्ही औषधाची जोड देऊ. खात्री देत नाही, पण संधी आहे. पण तो सहीच करत नाही. म्हणतो, तुमचे रिपोर्ट अदलाबदल झालेत. गाठी रोज वाढतायत ताई. तुमच्या जुन्या ऑपरेशनचे कागद कुठे असतील तर आणा. त्याची खात्री पटेल, आणि औषध कुठलं द्यायचं तेही आम्हाला ठरवता येईल. उद्या दुपारी तीनला तुमचाही सगळ्या अंगाचा स्कॅन ठेवलाय."

"माझा कशाला?"

शैलाबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हा कुठे अनिताच्या डोक्यात उजेड पडला.

ती वर माऊलीच्या खोलीत गेली. तो पलंगावर मांडी घालून बसला होता, तोंड सुजलेलं. तिचा चेहरा बघून त्याने हात धरून तिला जवळ बसवलं. "ताई, ह्यांचं काय ऐकू नगंस. आपली चूक झाकायला तुज्यावर ढकलत्यात. तुला कवा काय झालंय व्हय? घोड्यासारखी हायेस."

"पण माझी टाच रे..."

"काटा व्हता त्यो. भाऊंनी सांगितलेलं इसरलीस का?"

किती हायसं वाटलं तिला! जिने किडनी दिली तिचीच समजूत घालणारा भाऊ. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लोणावळ्याची गाडी पकडली. पण गाडीत सारखं तिचं लक्ष आपल्या टाचेकडेच जात होतं.

गुरुवारी सकाळी ती तळेगावला उतरली, तिथून रिक्षाने शिरगावला. गुरुवार म्हणजे देवळाला माणसांचा पूर. अंबूबाई नेहमीच्या जागी, नारळ-फुलांच्या टपरीवर. लेकीला बघितल्याबरोबर म्हणाली, "माऊलीचं काय म्हनत्यात डाक्टर?"

"आई, माझ्या टाचेत काय होतं?"

अंबूबाईचा हात हारांच्या दोऱ्यावर होता, तो तिथेच थांबला. "आता मधीच ह्ये काय? काटा व्हता."

"काटा असता तर मांडीची कातडी काढली नसती. शप्पथ घालू का माऊलीची?"

माऊलीची शपथ म्हटल्यावर म्हातारी बसल्या जागी खचली. समोर एक गिऱ्हाईक पाच रुपये सुटे मागत उभं होतं. अनिताने त्याला हाताने घालवून दिलं. मग अंबूबाई बोलायला लागली, आणि बोलताना लेकीकडे बघेना.

"डाक्टर म्हनले, क्यान्सर हाय. तुज्या बापानं त्यांचं पाय धरलं, म्हनला पोरीला सांगू नगा, ती हाय खाऊन मरंल. आन तू काय कमी भित्री व्हतीस? सांगितलं असतं तर हातरूणच धरलं असतंस. आन भाईर कळलं असतं तर तुला कुनी केलं असतं का पदरात? तुज्या भल्यासाटीच केलं गं."

"दर सहा महिन्यांनी दाखवायला बोलवलं असेल त्यांनी."

"बोलिवलं व्हतं. पन सारखं पुन्याला गेलं की लोक इचारत्यात. तू तर खडखडीत झालतीस. मग न्हाई गेलो."

अनिता मटकन खालच्या पाटावर बसली. एकोणीस वर्षं! सासरी काट्याची गोष्ट तिने किती वेळा रंगवून सांगितली असेल. समीक्षाच्या वेळी दिवस गेले, बाळंतपण झालं, पोरगी दहावीला आली, आणि ह्या सगळ्या काळात तिच्या अंगात काय होतं ते आईबापाला माहीत होतं, तिला नव्हतं. ठीक आहे, बाप घाबरला, आई अडाणी, लग्नाची काळजी. हे सगळं ती गिळायला तयार होती. पण पुढचं कसं गिळायचं?

"बरं, तेव्हाचं सोड," ती म्हणाली. "नऊ महिन्यांपूर्वीचं सांग. त्या खोलीत तू माझ्या शेजारी होतीस. त्या बाईने विचारलं, पूर्वी कधी कॅन्सर झालाय का. मी नाही म्हटलं. तू ऐकलंस. तू पदर सारखा केलास आणि मूग गिळून बसलीस. का?"

"मी इचारलं व्हतं आधी!" अंबूबाई एकदम रडायलाच लागली. "मी काय दगड हाय का? मी माऊलीला कानात सांगितलं, बाबा असं असं हाय, ताईची घेतली तर चालंल का. त्यो म्हनला, मी इचारून येतो. कागूद घिऊन गेला तळेगावला एका डाक्टरकडं. आला आन म्हनला, चालतंय, लय वरीस झाली, आता काय भ्या न्हाई. पन ताईला बोलू नगं, ती उगं घाबरंल. मग मी गप बसले."

अनिता उठून उभी राहिली. "कागद कुठे आहेत?"

"पेटीत."

टपरी शेजारणीच्या, शकुबाईच्या, हवाली करून दोघी घरी आल्या. कपाटाशेजारी अंबूबाईची लग्नातली पत्र्याची पेटी. तिच्यात सातबाऱ्याचे उतारे, मारुतीभाऊंचा मृत्यूचा दाखला, आणि तळाशी पिवळी पडलेली फाईल. अनिताने ती जमिनीवरच उघडली. पहिल्याच पानावर तिचं नाव, वय एकोणीस, आणि खाली छापील अक्षरात तो शब्द, जो काल शैलाबाईंनी उच्चारला होता. मेलॅनोमा. डावी टाच. कागदाला तारीख होती, शिक्का होता, वडिलांचा अंगठा होता. मारुतीभाऊ सही करायचे. त्या दिवशी अंगठा का उठवला असेल, कोण जाणे.

पाने उलटता उलटता मधेच एक पांढरा शुभ्र कागद निघाला. बाकी फाईल पिवळी आणि हा एकटाच नवा करकरीत. तळेगावच्या कुठल्या डॉक्टरची चिठ्ठी होती. पेशंटच्या जागी माऊलीचं नाव. तारीख किडनी बसवण्याच्या सात आठवडे आधीची. इंग्रजीत दोन ओळी. अनिता बारावी झालेली होती, तिला त्या वाचता आल्या. बहिणीला पूर्वी मेलॅनोमा होता. तिची किडनी कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये. 'कोणत्याही परिस्थितीत'च्या खाली रेघ मारलेली होती.

तिने ती ओळ तीनदा वाचली.

"काय लिवलंय?" अंबूबाईने विचारलं.

"लिवलंय, घिऊ नका." अनिताच्या तोंडून माहेरची बोली आपोआप बाहेर पडली. "तुज्या माऊलीला डाक्टरनं घिऊ नगं म्हनून सांगितलं व्हतं, आई. त्यानं तुलाबी खोटं सांगितलं."

अंबूबाईने चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट केली. तिच्यासाठी सगळे कागद सारखेच. पोराने फाईल परत आणून दिली आणि तिने ती आहे तशी पेटीत ठेवली होती. चिठ्ठी काढून फाडून टाकायचं माऊलीला सुचलं नाही. कदाचित त्याला वाटलं असेल, आई काही वाचत नाही आणि ताईला पेटी उघडायचं कारण नाही.

"आसं न्हाई करायचा त्यो," अंबूबाई म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. काल हात धरून जवळ बसवलं होतं त्याने. "तुला कवा काय झालंय व्हय?" म्हणाला होता. तोंडाने हे आणि पोटात ती चिठ्ठी. आणि रिपोर्ट अदलाबदल झाल्याचा आरडाओरडा कशासाठी होता तेही आता कळलं. सही केली की कॅन्सर बहिणीचा हे कबूल, आणि ते कबूल केलं की पुढचा प्रश्न येणार. लबाडाला जीव जाईपर्यंत तो प्रश्न टाळायचा होता.

हॉस्पिटलकडे जाताना गाडीतून तिने सोपानला फोन केला. सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट. पलीकडे डेपोतल्या गाड्यांचा आवाज चालू होता. मग सोपान म्हणाला, "तुला खरंच माहीत नव्हतं?"

"म्हणजे?"

"नाही, विचारलं आपलं. सतरा वर्षं संसार झाला आपला." मग म्हणाला, "घरी आल्यावर बोलू."

तिने फोन पर्समध्ये ठेवला. शेजारी अंबूबाई खिडकीतून बाहेर बघत बसली होती. ती हट्टाने बरोबर आली होती. 

माऊलीच्या खोलीत कोमल होती, स्टुलावर बसून त्याला पेज भरवत. अनिताच्या काखेतली पिवळी फाईल बघितली आणि माऊलीचा घास तोंडातच राहिला. "कोमल, जा जरा, ताईला च्या आन खालनं," तो म्हणाला. कोमल गेली. दार लागलं.

अनिताने चिठ्ठी त्याच्या पांघरुणावर ठेवली.

त्याने ती उचलली नाही. कशाला उचलेल? पाठ होती त्याला. म्हणाला, "ताई, माजी पोरं बारकी हायेत."

"माझी मोठी आहे का? समीक्षा दहावीला आहे."

"दोन वरीस मशीनवर व्हतो गं मी. तुमी बाकीचे घरी जायाचा, मी सुया टोचून घ्यायाचो. शेजारच्या पलंगावरचा मानूस दर म्हैन्याला बदलायचा. त्यो डाक्टर म्हनला घिऊ नगं, पन मला वाटलं त्ये काय देव हायेत का? एकोनीस वरीस तुला काय झालं न्हाई. म्हटलं, चान्स घिऊ."

"चान्स! माझ्या पोटाला चिरा पाडून? मला विचारलंस? रेड्या, मला सांगितलं असतंस तर मी माझी तपासणी केली असती, दुसरं कुणी शोधलं असतं. तू मला माझाच आजार कळू दिला नाहीस!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेरची नर्स डोकावून गेली. अनिताला त्याचं काही वाटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती भावाला रेड्या म्हणाली होती आणि तेही तिला कमीच वाटलं.

माऊलीने डोळे पुसले. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "मी सही करतो. किडनी काढू दे त्यांना. फकस्त एक ऐक माजं. ह्यी चिठ्ठी फाडून टाक. आन सांग, तुला म्हाईत व्हतं, पन भावाच्या मायेपायी तू बोलली न्हाईस. तुला कोन नावं ठेवनार न्हाई ताई, उलट पाया पडतील. माजं कळलं तर कोमलचा बाप मला उभा चिरंल. गावात तोंड दाखवाया जागा ऱ्हानार न्हाई. एवढं कर, मी आत्ता सही करतो."

 हा माणूस मरणाच्या दारात बसून सौदा करत होता. आणि सौद्यात तिचा शब्द मागत होता.

"अने," मागून अंबूबाई म्हणाली, "म्हन की. सबुदानं काय अंगाला भोकं पडत्यात? त्याचा जीव हाय गं."

खरं सांगायचं तर अनिता डळमळली. एक वाक्य म्हणायचं होतं. म्हटलं की सही, सही झाली की उद्या ऑपरेशन, कदाचित माऊली वाचेल. नाही म्हटलं तर हा हट्टी रेडा आणखी दोन दिवस घालवेल आणि ते दोन दिवस कुणाच्या नावावर जातील? तिच्याच. पण तिला सोपानचा फोन आठवला. तुला खरंच माहीत नव्हतं? आज तो विचारत होता, उद्या शिरगाव, भुशी, अंगणवाडीतल्या आया, सगळे माहीत होतं असंच धरून चालतील. समीक्षाला शाळेत कुणीतरी सांगेल की तुझ्या आईने जाणूनबुजून मामाला कॅन्सर दिला. आणि समीक्षा घरी येऊन विचारेल तेव्हा काय सांगायचं? पुन्हा काटा?

दार उघडलं. कोमल चहाचे दोन कागदी कप घेऊन उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे. "कसली चिठ्ठी, वन्सं?"

"काय न्हाई गं," माऊली म्हणाला.

अनिताने पांघरुणावरची चिठ्ठी उचलून कोमलच्या हातात दिली आणि तिच्या हातातले कप स्वतः घेतले. "वाच. मला एकोणीस वर्षांची असताना कॅन्सर झाला होता. मला कुणी सांगितलं नाही. आईला माहीत होतं. तुझ्या नवऱ्याला माहीत होतं. डॉक्टरने घेऊ नको म्हणून लिहून दिलं, तरी त्याने घेतली. आता ती काढली तर तो वाचू शकतो. सही करायला तयार नाही, कारण त्याला गावात तोंड दाखवायचंय."

कोमलने चिठ्ठी वाचली. तिला इंग्रजी किती कळलं देव जाणे, पण तारीख कळली. "ह्या दिवशी तुमी मला म्हनला व्हता, गाडीच्या इन्शुरन्सला तळेगावला चाललोय," ती माऊलीला म्हणाली.   उशाशी दोन दिवस पडून असलेला संमतीचा कागद तिने त्याच्या मांडीवर ठेवला, स्वतःच्या पर्समधलं पेन काढून त्याच्या बोटात खुपसलं आणि म्हणाली, "पोरांसाटी करा. माज्यासाटी नगं." त्याने सही केली. सहीची अक्षरं एकमेकांवर चढली.

अनिता फाईल घेऊन खाली आली. शैलाबाईंनी सगळी पानं बघितली, चिठ्ठी दोनदा बघितली आणि "अरे देवा" एवढंच म्हणाल्या. मग लगेच फोनाफोनी सुरू झाली. गोळ्या आजपासून बंद, ऑपरेशन उद्या सकाळी. अनिताला त्या म्हणाल्या, "तुम्ही तळमजल्यावर जा. स्कॅनची वेळ झाली."

अंबूबाई मागोमाग आली होती. तळमजल्याच्या लांब बोळात दोघी बाकावर बसल्या. म्हातारी म्हणाली, "कोमलम्होरं बोलायला नगं व्हतंस. पोराच्या संसाराची माती झाली. मन घट करून एवढं ऐकलं आसतंस तर तुजं काय बिघाडलं आसतं?"

अनिताने आईकडे पाहिलं. चिडायचं तिच्यात आता त्राण नव्हतं. "आई, मला आत कशाला बोलवलंय ते माहीत आहे का तुला?"

"कशाला?"

"माझ्या अंगात अजून ते आहे का, ते बघायला. फुप्फुसात असेल, डोक्यात असेल. मला भीती वाटतेय गं. सकाळपासून तू माऊलीचं विचारलंस, कोमलचं, गावाचं, पोराच्या संसाराचं. माझ्या अंगात आहे का, हे एकदा तरी विचारलंस का?"

  "तुला काय हुतंय," अंबूबाई म्हणाली, "तू धडधाकट हायेस."

तेवढ्यात लिफ्टपाशी गडबड झाली. माऊलीला उद्याच्या तपासण्यांसाठी चाकाच्या खुर्चीतून नेत होते, कोमल मागे. अंबूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "आत्ता येते," म्हणाली आणि पदर सावरत त्या खुर्चीमागे जवळजवळ पळत गेली. लिफ्टचं दार लागलं.

पांढऱ्या कोटातली पोरगी हातात यादी घेऊन बाहेर आली. तिने अनिताचं नाव पुकारलं, तिला कानातलं आणि मंगळसूत्र काढायला सांगितलं. "दागिने सोबतच्या माणसाकडे द्या, मावशी. सोबत कोण आहे?"

अनिताने मंगळसूत्र काढून मुठीत धरलं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "तुझ्याकडेच ठेव."